जावयाच्या मागं आठशे मैल

सोजरबाईची तक्रार अगदी साधी होती. ज्या माणसानं वाजतगाजत पोरगी नेली, त्यानं सातव्या महिन्यात ती माहेरी आणून घालावी. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे काय कुणाला लिहून द्यावं लागतं? पण तिच्या जावयाला, हिंदुरावाला, एवढंही कळलं नाही. सातवा गेला, आठवा गेला, आणि पोरगी अजून तिकडं राजस्थानात, बाडमेरच्या पुढं चाळीस मैल, वाळूत.

"वाळूत!" मोडनिंबच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा ती सांगायची. "आमी पोरगी काय वाळूत टाकायला दिली व्हती व्हय?"

हिंदुराव बोरिंगच्या मशीनवर मिस्त्री होता. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं माढा तालुक्यात इतकी भोकं पाडली की ठेकेदार त्याच्यावर खूश झाला. माढ्यात पाणी लागलं, आता वाळवंटात बघू, असं म्हणून त्यानं मशीन ट्रकवर चढवलं आणि थेट बाडमेरला नेलं. मशीनमागं हिंदुराव गेला आणि हिंदुरावामागं विजयमाला.

वैशाखात तिचं पत्र आलं. पाय सुजलेत, बाडमेरच्या डॉक्टरीणबाईनं प्रवास बंद सांगितलाय, म्हणून येता आलं नाही. 'आई, तूच ये. इथल्या बाया चांगल्या आहेत, पण त्यांचं बोलणं मला कळत नाही आणि माझं त्यांना. दुखायला लागलं तर मी कुणाला काय सांगू?'

सोजरबाईची शाळा दुसरीत सुटलेली. तिनं ते पत्र अक्षराला अक्षर जोडत तीनदा वाचलं आणि शेगडी पेटवून भाकरी थापायला बसली. साठ कडक भाकरी, शेंगाची चटणी, डिंक, खारीक, जुनी मऊ लुगडी. निघायची तयारी झाली आणि नेमका रेल्वेचा संप सुरू झाला. चौऱ्याहत्तरचा मे महिना. तिचा नवरा कोंडीबा कुर्डुवाडीच्या स्टेशनवर जाऊन आला आणि म्हणाला, "फलाटावर कुत्री झोपल्यात. गाडी कवा सुटंल ते मास्तरालाबी ठावं न्हाय."

"मग यष्टीनं जाते."

"यष्टीच्या टपावर मानसं बसल्यात, सोजर. आन् राजस्तान म्हंजे काय टेंभुर्णी हाय?"

असं बोलणं चाललेलं असताना संपाच्या आठव्या दिवशी दुपारी दारात फटफटीचा आवाज आला. गाडीवरून जो माणूस उतरला त्याचा चेहरा धुळीनं असा माखलेला की आधी कोंडीबानं "कोन पायजेल?" असंच विचारलं. तो हिंदुराव होता.

आता या घरची रीत सांगायला पाहिजे. सासू आणि जावई एकमेकांशी समोरासमोर बोलत नसत. सासूनं पदर कपाळावर ओढायचा, जावयानं भिंतीकडं बघायचं, आणि जे काय असेल ते तिसऱ्या माणसाकरवी. लग्नाला दोन वर्षं झाली तरी हिंदुरावानं सासूला कधी हाकसुद्धा मारली नव्हती. सासऱ्याला मामा म्हणायचा, म्हणजे सासूला मामी म्हणायचं, पण तो शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडलेला कुणी ऐकला नव्हता. सोजरबाईला या रितीचा मोठा अभिमान. आजकालच्या सासवा जावयाच्या मांडीला मांडी लावून चहा पितात, तसलं तिच्या घरी चालत नाही, असं ती चारचौघींत ऐकवायची.

"विचारा त्येंना," ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "पोरीला एकलीला सोडून आलेच कसे?"

कोंडीबानं मान वळवली. "हिंदुराव, पोरीला एकलीला..."

"ऐकलं, मामा," हिंदुराव भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाला. "शेजारच्या म्हाताऱ्या बाईला सोबत बसवून आलोय. विजयमाला म्हनली, आई पायजेल म्हंजे पायजेलच. रेल्वे बंद. मग काढली फटफटी."

"म्हनावं, कुटनं काढली?"

"तितनंच. दारातनं."

"समदी वाट? फटफटीवर?" कोंडीबानंच विचारलं.

"व्हय."

सोजरबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "म्हनावं, आदी आंगुळ करा. घरात वाळू सांडतीया."

कोंडीबानं तिला बाजूला घेतलं. "तू बसनार? जावयाच्या पाठीमागं?"

"मग काय करू? अकरा बाळंतपनं केली ह्या हातांनी, मोडनिंबात. आन् माज्या पोरीचं पयलं पोर परक्या बाईच्या हातात पडू देऊ? आन् तीबी तिची बोली न कळनारी?"

"आन् रीत?"

"रितीचं मी बघते."

आणि तिनं बघितलं. पहाटे दोन सोलापुरी चादरींची जाड वळकटी करून तिनं फटफटीच्या सीटवर मधोमध आडवी बांधायला लावली. पुढं जावई, मागं सासू, मध्ये वळकटी. दोन्ही बाजूंना पिशव्या, पाण्याचे डबे, पेट्रोलचा डबा. नऊवारीचा काष्टा असल्यामुळं ती दोन्हीकडं पाय टाकून ऐटीत बसली. एका बाजूला पाय सोडून बसायला ती काय शहरातली मास्तरीण होती? हिंदुरावानं जास्तीचा गॉगल आणला होता. तो त्यानं कोंडीबाच्या हातात दिला, कोंडीबानं तिच्या. तिनं तो डोळ्यांना लावला, वरून पदर बांधला आणि शेजारची राजाबाई हसायला लागली तेव्हा म्हणाली, "हस बाई. तू बार्शीच्या पुढं गेलीस का कदी?"

मोडनिंब सुटलं, टेंभुर्णी गेली, धरणाच्या कामाची धूळ गेली. इंदापुराजवळ सोजरबाईला कळलं की मध्ये कोंडीबा नाही. आता बोलायचं कसं?

तिनं थोडा विचार केला आणि फटफटीच्या मडगार्डला म्हणाली, "गाडीबाई, जरा दमानं. म्हातारीची हाडं हायती."

गाडी दमानं झाली.

पुढं भिगवणजवळ हिंदुराव पेट्रोलच्या टाकीकडं बघून म्हणाला, "च्या घ्यावा म्हनतो."

"गाडीबाई, म्हनावं घ्या. पन कप धुतलेला बघा."

अशी बोलायची वाट सापडली. पुणं गेलं, ठाणं गेलं. घाटात ती गाडीला म्हणाली, "तुजा मालक लई वाकडा चालवतो गं." वापीच्या पुढं टाकीकडं बघून उत्तर आलं, "रस्ताच वाकडा हाय." दिवसाला दीडशे-एकशे साठ मैल. दिवस मावळला की धर्मशाळा, उजाडलं की पुन्हा गाडी. जेवायला कडक भाकरी आणि चटणी. सुरतेजवळ चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्यानं दोघांकडं बघून विचारलं, "तमारी मा छे?" हिंदुराव खाली टायरकडं बघायला लागला आणि सोजरबाई वर तारेवरच्या कावळ्याकडं. पंक्चरवाल्याला वाटलं, मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालंय. त्यानं दोघांना समजूत घालायला एक एक बशी चहा पाजला. सोजरबाईनं त्याला दोन कडक भाकरी दिल्या. त्यानं एक वाजवून बघितली आणि खिळ्याला अडकवून ठेवली.

बडोद्यात गर्दीत वाट चुकली, तेव्हा तीच वरच्या आवाजात गाडीला म्हणाली, "दुकानाच्या पाटीखाली उबा हाय त्यो पोलीस, त्येला इचार की गं!" लोक वळून बघायला लागले. ही बाई फटफटीशी बोलते आणि फटफटीवाला टाकीशी.

मनातून मात्र तिला काळजी पोखरत होती. तिच्या हिशेबानं अजून पंधरा दिवस हातात होते. पण पहिलटकरणीचं काही सांगता येत नाही, आणि पाय सुजलेले. रोज संध्याकाळी ती बोटांवर मैल मोजायची आणि गाडीला सांगायची, "उद्या वाईच लवकर निगू या."

हिंदुराव लवकर निघायचा. एवढं मात्र खरं.

पालनपूर ओलांडलं आणि झाडं कमी व्हायला लागली. पाचव्या दिवशी सकाळी बाडमेर मागं पडलं आणि रस्ता संपला. पुढं नुसती गाड्यांच्या चाकांची वाट, तीही मधूनच वाळूत बुडायची. सोजरबाईनं सीना नदीची वाळू बघितली होती, पण ही तसली नव्हती. हिच्यात पाय घातला की पाय परत मागायला लागायचा.

इथं चालवायची वेगळी तऱ्हा होती. वाळू आली की हिंदुराव थांबायचा आणि टाकीला सांगायचा, "आता हलकं व्हावं लागंल." सोजरबाई उतरायची. मग तो दोन्ही पाय खाली टेकत, गाडी घुरघुरवत, वाळू पार करून पलीकडच्या कडक जमिनीवर थांबायचा, इकडं पाठ करून. सासू लुगडं आवरत वाळू तुडवत येते, ते वळून बघणं बरं दिसत नाही ना. ती यायची, चढायची आणि वळकटीवर दोन थापा मारायची. दोन थापा म्हणजे निघा.

असं आठ वेळा झालं. आठव्यांदा चढल्यावर तिला भूक लागली. तिनं चालत्या गाडीवर वळकटीची दोरी सैल केली, आत गुंडाळलेली भाकरी काढली आणि दोरी परत बांधली. बांधली म्हणजे गुंडाळली.

नवव्यांदा वाळू आली. ती उतरली. हिंदुराव पलीकडं जाऊन थांबला. वारा सुटला होता. ती निम्म्या वाळूत असताना सैल झालेल्या चादरीचं टोक वाऱ्यानं उचललं आणि वळकटीवर आपटलं. फट. फट.

गाडी निघाली.

"ओ!" सोजरबाई ओरडली. "ओ गाडीबाई!"

गाडीबाई ऐकेना. मग तिनं दोन वर्षांची रीत सोडली आणि छातीतला सगळा जोर लावून हाक मारली, "हिंदुराव!" पण वारा उलटा होता आणि फटफटीचा आवाज मोठा. धुळीचा लोट लहान लहान होत गेला आणि मग नुसतं वाळवंट राहिलं. त्यात ती, हातात अर्धी भाकरी.

घाबरली का? घाबरली. पण धावली नाही. धावून फटफटी गाठता येत नाही आणि घाम मात्र जातो, एवढी अक्कल तिला होती. वाटेच्या कडेला बाभळीसारखं एक झाड होतं. त्याच्या सावलीत ती जाऊन बसली. पाण्याचे डबे गाडीवर. तिनं भाकरी पदरात बांधून ठेवली, कोरडी भाकरी खाल्ली तर तहान वाढेल. आणि एकटीच बोलायला लागली. "चाळीस किलोची बाई उतरली, तरी कळू नये? म्हंजे मी बसले व्हते काय आन् नव्हते काय, येकच?" खरं तर डबे, पिशव्या आणि पेट्रोल घेऊन वाकलेल्या त्या गाडीला हाडकुळ्या म्हातारीचं वजन कुठून कळणार? पण राग यायला कारण पुरेसं होतं. आणि दोरीची गाठ आठवली की राग जरा इकडंतिकडं व्हायचा, म्हणून तिनं ती आठवायचं टाळलं.

तासाभरानं पाण्याचा टँकर आला. मोठ्या पागोट्याचा, मोठ्या मिशांचा ड्रायव्हर. वाळवंटात गॉगल लावून बसलेली नऊवारीतली बाई बघून त्यानं ब्रेकच मारला. काहीतरी विचारलं. तिला कळलं नाही. तिनं आधी ओंजळ पुढं केली. त्यानं पाणी पाजलं. मग तिनं दोन्ही मुठी एकावर एक धरून जमिनीत घुसवल्या आणि तोंडानं मशीनचा आवाज काढला, "घर्रर्र, खाड खाड खाड!" ड्रायव्हर मागं सरकला. मग तिनं पोटासमोर हातानं मोठा गोल केला, पायांची सूज दाखवली, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "आई. मी तिची आई."

ड्रायव्हरच्या मिशा हसल्या. "मराठी मिस्त्री!" तो ओरडला. रोज तोच त्या कॅम्पला पाणी घालायचा. त्यानं दार उघडलं आणि तिला वर ओढून घेतलं. त्याची वाट वेगळी होती, टेकडीला वळसा घालून जाणारी, पण अंतर तेवढंच.

कॅम्प म्हणजे चार पत्र्याच्या खोल्या आणि एक बोरिंगचं मशीन. टँकर थांबायच्या आधीच सोजरबाईनं ओळखलं. दारात बायका गोळा झाल्या होत्या आणि आतून येणारा आवाज तिच्या पोरीचा होता.

"आई!" विजयमाला ओरडली. "आई, सकाळधरनं दुकतंय!"

"आले. आता ओरड जोरात, लाजू नगंस."

आत कोपरापर्यंत पांढरी कांकणं घातलेली एक म्हातारी होती. तिकडची दाई. तिनं छताच्या लाकडाला दोरी बांधली होती आणि विजयमालेनं ती धरून उकिडवं बसावं असं तिचं म्हणणं. सोजरबाईचं म्हणणं, आडवं निजावं. दाई तिच्या बोलीत तावातावानं सांगायला लागली, सोजरबाई आपल्या बोलीत. "आगं बाई, अकरा केल्यात मी!" दाईनं दोन्ही हातांची बोटं चार-पाच वेळा उघडमीट करून दाखवली. सोजरबाईनं मोजली आणि जरा मागं सरकली.

"दोगी गप बसा की गं!" विजयमाला किंचाळली. "मला बसूनच बरं वाटतंय!"

मग दोघी दोन बाजूंना बसल्या. दाईनं पाठ धरली, सोजरबाईनं पुढचं. दुपार कलायच्या आत पोर बाहेर आलं. सोजरबाईच्या हातात. मुलगी. नाळ दाईनं कापली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि पाणी प्यायल्या.

"आई," विजयमाला जरा सावरल्यावर म्हणाली, "हे कुटं हायत?"

तेव्हा सोजरबाईच्या हातातलं फडकं थांबलं. खरंच, कुठं आहे हा माणूस? सरळ आला असता तर तिच्या आधी पोचला असता. म्हणजे आला नाही. म्हणजे परत फिरलाय. म्हणजे या उन्हात, त्या वाळूत, तिलाच शोधत हिंडतोय. आणि वाऱ्यानं पावलं कधीच पुसून टाकली असतील.

"येत्यात," ती पोरीला म्हणाली. "चाकात हवा भरत्यात." आणि बाहेर येऊन तिनं टँकरवाल्याचा दंड धरला. फटफटीचा आवाज काढला, टेकडीच्या पलीकडं बोट केलं, कपाळाला हात लावून शोधणारा माणूस दाखवला. त्या गड्याला एकदाच सांगावं लागलं. टँकर अजून निम्मा भरलेला, तरी तो तसाच निघाला.

मग ती दारात बसली. आत नात, बाहेर वाळवंट. तिला पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस सलग दहा दिवस गाडीवर आहे. पाच येताना, पाच जाताना. मध्ये एक रात्र तिच्या घरी, आणि तिथं उतरल्या उतरल्याही तिनं त्याला आधी आंघोळ कर म्हणून सांगितलेलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा टँकर दिसला, मागं फटफटी. टँकरवाला उतरला आणि हसत हसत हातवाऱ्यांनी सांगायला लागला. मिस्त्री उंच टेकडीवर उभा होता. चारी दिशांना तोंड करून ओरडत होता. टँकरवाल्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तसंच ओरडून दाखवलं, "मामीऽऽ! मामीऽऽ!" लोकांच्या शेळ्या गोळा झाल्या होत्या म्हणे, पण हा थांबत नव्हता.

हिंदुराव दारापाशी आला. ओठ फुटलेले, डोळे लाल. सोजरबाईला धडधाकट उभी बघून तो तिथंच उंबऱ्याजवळ मटकन बसला. सवयीनं त्यानं भिंतीकडं तोंड केलं, पण भिंतीला सांगण्यासारखं काही नसावं, कारण तो वळला आणि सरळ तिच्याकडं बघितलं.

"मामी," तो म्हणाला. आवाज पार बसला होता, नुसता वारा आला. "चौदा मैल गेलो, वाटंत परत वाळू लागलीच न्हाय. हिरीवर थांबलो. पानी घ्यावं म्हनतो, असं म्हनलो, तर कोनी काय बोललंच न्हाय. वळून बगितलं, तर नुसती वळकटी."

कॅम्पातले लोक बघत होते. दाई बघत होती. आतून पोरगी रडत होती, धाकटी. सोजरबाईनं पदर कपाळावर ओढला. मग मागं सारला. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"हिंदुराव, नीट ऐका, परत सांगनार न्हाय. दोरीची गाट माजी ढिली व्हती. वळून तुमी बगितलं न्हाय. चूक निम्मी निम्मी. सातव्या म्हयन्यात पोरगी धाडली न्हाय म्हनून गावभर तुमाला बोलत व्हते, ते मागं घेते. सुजल्या पायानं ती ह्या वाटंवर निगाली असती तर काय झालं असतं, ते आज मी बसून बगितलंय. आन् दोन वर्सं मी तुमाला भिंतीशी बोलायला लावलं, त्यो येडेपना समदा माजा, त्यात तुमचा वाटा न्हाय. आजपासनं काय असंल ते माज्या तोंडावर बोलायचं, भांडायचं झालं तरी तोंडावर. मानूस म्हनून तुमी लई चोख हायसा. पन सासू न्यायच्या कामाला बिलकूल लायक न्हाय. संप मिटू दे न्हायतर न मिटू दे, परत जाताना मी रेल्वेनंच जानार. आता उटा, हात धुवा, आन् आत जाऊन पोरगी बगा तुमची."